काउंटीचं कंत्राट: आधी कागद, मग किंमत

आज बोलू या एका मोठ्या गिऱ्हाइकाबद्दल. हे गिऱ्हाईक तुमच्या गावातच आहे, वर्षभर खरेदी करतं, दुकान बंद करून पळून जात नाही, आणि तरीही आपल्यातले बरेच व्यावसायिक त्याच्या दारापर्यंत जात नाहीत. हे गिऱ्हाईक म्हणजे तुमची काउंटी.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर काउंटी सरकारच नाही. म्हणून आज आपण एकच राज्य धरू: न्यू जर्सी. इथे २१ काउंट्या आहेत, आणि मिडलसेक्स, सॉमरसेट, मर्सर, हडसन या भागांत आपली माणसंही भरपूर आहेत. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर आकडे बदलतील, पण कामाची रीत बरीचशी हीच राहील.

काउंटी काय विकत घेते? रस्त्यांवर टाकायचं मीठ, कार्यालयांची सफाई, बागांमधलं गवत कापणं, छपाई, गणवेश, संगणक, फर्निचर, गाड्यांचे सुटे भाग, तुरुंगातलं जेवण, ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रातलं जेवण, दुभाषे. ही यादी वाचताना तुमच्या ओळखीची दोन-तीन माणसं तुम्हाला आठवलीच असतील. कुणाची छपाई आहे, कुणाचं केटरिंग, कुणाची सफाईची कंपनी.

मग ही माणसं जात का नाहीत? कारण 'टेंडर' हा शब्द ऐकला की आपल्या मनात आधीच एक चित्र उभं राहतं. ओळख लागते, टक्केवारी लागते, काम कुणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. न्यू जर्सीच्या राजकारणात भ्रष्टाचाराचे खटले झालेच नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. पण इथला १९७१ चा लोकल पब्लिक कॉन्ट्रॅक्ट्स कायदा सांगतो, की ठराविक रकमेच्या वरची खरेदी जाहीर निविदेनं करायची, आणि कंत्राट द्यायचं ते सर्वांत कमी किमतीच्या जबाबदार निविदाकाराला. निविदा जाहीरपणे उघडतात, किमती सर्वांसमोर सांगतात. त्यामुळे नवख्या माणसाची निविदा ओळख नाही म्हणून बाजूला ठेवणं सोपं नाही. एक कागद कमी आहे म्हणून ती बाद होणं मात्र अगदी सोपं आहे. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात करू या शोधण्यापासून. तुमच्या काउंटीच्या संकेतस्थळावर खरेदी विभागाचं पान असतं. तिथे विक्रेता म्हणून नाव नोंदवा आणि आपण काय विकतो त्या प्रकारांवर खूण करा. इथे घाई नको. प्रकार चुकला तर तुमच्या कामाची सूचना तुम्हाला येणारच नाही. नोंदणी केली म्हणून काम मिळत नाही, फक्त बातमी वेळेवर कळते. त्याबरोबर राज्याच्या महसूल विभागाकडून व्यवसाय नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि ते नसेल तर कंत्राट हातात पडत नाही. सरकारी छापाचं पत्र पाठवून कुणी याच नोंदणीसाठी पैसे मागत असेल, तर आधी काउंटीला फोन करून विचारा.

आता एक युक्ती, जी फार कमी लोक वापरतात. वस्तू आणि सेवांची बहुतेक कंत्राटं जास्तीत जास्त २४ महिन्यांची असतात; काही अपवाद आहेत. म्हणजे आज जे काम दुसऱ्याकडे आहे, ते परत बाजारात येणार आहे. कधी येणार, ते तुम्ही शोधू शकता. न्यू जर्सीत ओप्रा नावाचा सार्वजनिक नोंदींचा कायदा आहे. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकाराचा भाऊच म्हणा. त्याखाली अर्ज करा आणि मागच्या वेळच्या निविदांचा तुलनात्मक तक्ता आणि कंत्राटाची प्रत मागा. कोण किती किमतीला आलं, कोण बाद झालं, कंत्राट कधी संपतंय, हे सगळं तुमच्यासमोर येतं. अंदाजानं किंमत लिहिणारा आणि हा तक्ता वाचून लिहिणारा यांच्यात फार फरक पडतो.

दुसरी गोष्ट, छोट्या कामापासून सुरुवात करा. निविदेच्या मर्यादेखालची खरेदी कोटेशनवर होते. त्या मर्यादेच्या १५ टक्क्यांवर रक्कम गेली, की काउंटीनं शक्य असेल तर किमान दोन कोटेशन घ्यायची असतात. ही मर्यादा वेळोवेळी बदलते. आजचा आकडा खरेदी विभाग फोनवर सांगतो. विभागाला कोटेशनसाठी नावं हवी असतात, आणि त्या यादीत तुमचं नाव असायला काहीच हरकत नाही. उद्यान विभागाची हजार पत्रकं वेळेवर छापून दिलीत, तर पुढच्या मोठ्या निविदेत 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात लिहायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

आता येऊ या कागदांवर. वही-पेन घ्या. कायद्यात पाच गोष्टी अशा आहेत, की निविदेच्या कागदपत्रांत त्या मागितल्या असतील आणि तुम्ही जोडल्या नाहीत, तर ती चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. निविदा बाद. तुमची किंमत सर्वांत कमी असली तरी बाद.

पहिली, अनामत, म्हणजे बिड बाँड किंवा प्रमाणित धनादेश. ही रक्कम निविदेच्या १० टक्के, पण २०,००० डॉलरपेक्षा जास्त नाही. दुसरी, हमीदार कंपनीचं पत्र: कंत्राट मिळालं तर आम्ही पुढचा बाँड देऊ, असं सांगणारं. तिसरी, मालकीचं निवेदन. कंपनीत १० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि पत्ता. नवरा-बायकोच्या नावावर निम्मी-निम्मी कंपनी असेल तर दोघांचीही नावं हवीत. मेहुण्याचा १५ टक्के वाटा असेल तर त्याचंही. चौथी, बांधकामाच्या कामात उपकंत्राटदारांची यादी. आणि पाचवी, शुद्धिपत्रकं मिळाल्याची पोच.

ही पाचवी सर्वांत फसवी. निविदा निघाल्यावर काउंटी तिच्यात बदल करते. तारीख पुढे जाते, संख्या बदलते, एखादी अट निघते. प्रत्येक बदलाचं शुद्धिपत्रक येतं. तुम्ही निविदा दुसऱ्या कुणाकडून मिळवली असेल, तर ते तुमच्यापर्यंत पोचतंच असं नाही. म्हणून कागद थेट काउंटीकडूनच घ्या आणि निविदा पाठवण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहा.

बांधकामाचं काम असेल, तर राज्याच्या कामगार खात्याकडे सार्वजनिक कामाचा कंत्राटदार म्हणून नोंदणी आधीच झालेली हवी, आणि कामगारांना सरकारनं ठरवलेल्या दरानं मजुरी द्यावी लागते. किंमत काढताना हा दर धरला नाही, तर नफा तिथेच संपला.

वेळेबद्दलही एक शब्द. अकरा वाजता म्हणजे अकरा वाजता. अकरा वाजून दोन मिनिटांनी आलेला लिफाफा घेत नाहीत. टर्नपाइकवर अपघात झाला होता, हे कारण चालत नाही. ऑनलाइन भरायची असेल तर आदल्या दिवशीच भरून टाका.

कागदपत्रात एखादी अट फक्त एकाच कंपनीला सोयीची वाटली, तर गप्प बसू नका. ब्रँडचं नाव दिलं असेल तर त्याच्या तोडीची दुसरी वस्तू चालेल, असं त्याबरोबर असायला हवं. अटींवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो लेखी, निविदा उघडण्याच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी द्यावा लागतो. नंतर तक्रार केली तर तिचा उपयोग नाही.

सगळ्याच कामांत फक्त किंमत बघत नाहीत, हेही लक्षात ठेवा. वकील, इंजिनियर, हिशेब तपासनीस अशा व्यावसायिक सेवांना जाहीर निविदेची सक्ती नाही. काही सेवांसाठी प्रस्ताव मागवतात आणि अनुभव, पद्धत, किंमत अशा निकषांवर गुण देतात. अशा वेळी मूल्यमापनाचा अहवाल कंत्राट देण्याच्या किमान ४८ तास आधी लोकांसाठी खुला करावा लागतो. हरलात तरी तो वाचा. पुढच्या प्रस्तावाची तयारी त्यातूनच होते.

आता किंमत. नव्या माणसाला वाटतं, पहिलं काम तोट्यात घेऊ, पाय तरी रोवला जाईल. श्रोतेहो, हे करू नका. समजा, तुमची सफाईची कंपनी आहे आणि या कामाचा महिन्याचा पगार १२,००० डॉलर आहे. जानेवारीचं बिल तुम्ही फेब्रुवारीत देणार. ते तपासलं जाणार, आयुक्त मंडळाच्या बैठकीत मंजूर होणार, आणि पैसे मार्चमध्ये येणार. तोपर्यंत पगारांचे २४,००० डॉलर तुमच्या खिशातून गेलेले असतात. वर विमा आणि सामान. ही रक्कम हाताशी नसेल तर माणूस घरावर कर्ज काढतो, आणि तेही तोट्याच्या कामासाठी. काम अर्ध्यावर सोडलं, तर तो वाईट अनुभव पुढच्या निविदेत तुमच्याविरुद्ध वापरता येतो. निविदेतली 'अंदाजे संख्या' हीसुद्धा हमी नसते. पाच हजार लिहिलं म्हणून पाच हजार घेतीलच असं नाही. तेव्हा अपेक्षेपेक्षा कमी काम आलं तरी परवडेल, अशीच किंमत लिहा.

निविदा उघडल्यावर साधारण ६० दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. तो ठरावानं होतो. २०२१ पर्यंत ज्यांना फ्रीहोल्डर म्हणत, त्या काउंटी कमिशनरांच्या मंडळात. ठराव झाला म्हणून लगेच माल पाठवू नका. खरेदी आदेश हातात येऊ द्या. निधी उपलब्ध असल्याचा वित्त अधिकाऱ्याचा दाखला त्याआधी लागतो. "तुम्ही सुरू करा, कागद नंतर बघू," असं कुणी आपुलकीनं म्हटलं तरी थांबा. कागदाशिवाय केलेल्या कामाचे पैसे मागताना ती आपुलकी कामाला येत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. दिवाळीला मिठाईचा डबा देणं ही आपली रीत आहे. खरेदी विभागात ती नेऊ नका. तुमच्या मनात काही नसेल, पण घेणाऱ्याची नोकरी अडचणीत येऊ शकते आणि तुमच्या कंत्राटावर शंका येऊ शकते. तसंच निवडणुकीच्या देणग्यांचं. ओळखीचा उमेदवार आहे, कार्यक्रमाला बोलावलं, चेक दिला. इथे 'पे टू प्ले' नावाचे नियम आहेत. काही कंत्राटांत देणग्या जाहीर कराव्या लागतात, आणि काही देणग्यांमुळे कंत्राटच हातचं जाऊ शकतं. चेक लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

हे सगळं एकट्यानं करायची गरज नाही. अॅपेक्स अॅक्सिलरेटर ही केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारी देशभरातली सल्ला केंद्रं आहेत. पूर्वी त्यांना पीटॅक म्हणत. ती राज्य आणि काउंटीच्या निविदांसाठीही मदत करतात, बहुतेक वेळा फुकट. छोट्या व्यवसायांच्या विकास केंद्राचं न्यू जर्सीतलं मुख्यालय रटगर्स विद्यापीठात, न्यूअर्कला आहे. तिथेही सल्ला मिळतो.

तर या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या काउंटीचं खरेदीचं पान उघडा, नाव नोंदवा, आणि तुमच्या धंद्यातली एक जुनी निविदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. भरू नका, फक्त वाचा. मग निविदा उघडण्याच्या एखाद्या दिवशी जाऊन मागच्या खुर्चीत बसा. उघडणं जाहीर असतं, कुणी अडवत नाही. कोण आलंय, कोणती किंमत वाचली जातेय, ते ऐका. पुढच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या नावांत तुमचंही नाव असू दे.

आजच्यापुरतं इथेच थांबू या. नमस्कार.