रग्बीचा दमसास

दमसास हा शब्द मराठी माणसाला विशेषेकरून दोन ठिकाणी भेटतो : गवयाच्या बैठकीत आणि हुतुतूच्या मैदानावर. लांबलचक तान एका श्वासात पेलणारा गवई आणि तोंडचा घोष न तोडता प्रतिपक्षाच्या अंगणात शिरून परतणारा गडी, या दोघांचेही कौतुक होते ते श्वास धरून ठेवल्याबद्दल. रग्बीला लागणारा दम मात्र निराळ्या जातीचा आहे. तेथे दम राखण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, मोल आहे ते गेलेला दम चटकन परत मिळवण्याला. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे कोवळ्या वयाच्या खेळाडूंचे पुष्कळ श्रम वाया जातात आणि कित्येकदा त्यांना अपायही होतो.

रग्बी भारताला अगदीच परकी नाही. १८७२ साली नाताळच्या दिवशी कलकत्त्यात या खेळाचा सामना झाला होता. तेथील क्लब पुढे मोडला, तेव्हा बँकेतले २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी झुंजत आले आहेत. साहेबी जिमखान्यांच्या कुंपणाआड वाढलेला हा खेळ आज ओडिशा, बिहार, बंगाल आणि महाराष्ट्रातील साध्या घरांतली मुलेमुली खेळतात. २०१६ साली रग्बी ऑलिंपिकमध्ये परतली ती सात-सात जणांच्या रूपाने, आणि या मुलांपुढेही बहुधा तेच रूप असते. त्यात सात मिनिटांचे दोनच डाव. एवढ्याशा खेळाला दमसास तो कितीसा लागणार, असे काठावरच्या प्रेक्षकाला वाटते.

वास्तविक लागतो तो भरपूर. परंतु तो लांब पल्ल्याच्या धावपटूचा नव्हे. पंधरा-पंधरा जणांच्या रग्बीत सामना ८० मिनिटांचा असला, तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो त्यातल्या निम्म्याहून कमी वेळ. खेळाडू काही सेकंद जिवाच्या आकांताने धावतो, प्रतिपक्षाच्या गड्यावर आदळतो, जमिनीवर पडतो, उठतो, दोन श्वास घेतो आणि पुन्हा धावतो. अशा एका झेपेपुरती शक्ती स्नायूंत तयारच साठवलेली असते. पण तो साठा अवघ्या काही सेकंदांत सरतो. तो पुन्हा भरायचा तर रक्तातून प्राणवायू पोचावा लागतो, आणि ते काम हृदयाचे व फुप्फुसांचे. म्हणूनच झेप कितीही छोटी असली, तरी दोन झेपांमधल्या विश्रांतीत खरी कसोटी लागते ती हृदयाची.

मैदानाभोवती फेऱ्यांमागून फेऱ्या मारायला लावणाऱ्या शिक्षकाचे काय चुकते, ते यावरून कळते. संथ धावण्याने हृदयाचा पाया तयार होतो, यात संशय नाही. ती धाव सोबत्याशी बोलता येईल इतपत सावकाश असावी. बोलणे तुटू लागले की वेग अधिक झाला, असे समजावे. परंतु पायावर भिंत उभारायची तर वेगाने धावणे आणि थांबणे यांची आलटून-पालटून सांगड घालावी लागते. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर या मार्गदर्शकाने १९३० नंतरच्या दशकात रानवाटांवर मनास येईल तसा वेग वाढवत-घटवत धावण्याची पद्धत रूढ केली. फिजीचे खेळाडू सिगाटोका येथील वाळूच्या टेकड्या चढून पाय कसतात. त्या देशाने २०१६ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले.

मात्र प्रौढांचे हे व्यायाम दहा वर्षांच्या पोरावर लादणे हा शुद्ध अविचार होय. बाराव्या वर्षापर्यंत शिवाशिवी, लंगडी, खो-खो आणि अंगाला नुसता हात लावून खेळायची रग्बी एवढे पुरेसे आहे. खो-खोत पाठलाग करणारा गडी दौडतो, खो देतो, बसतो आणि पुन्हा उठतो. रग्बीला हवी असलेली धाव-विसाव्याची लय त्यात आयतीच सापडते. पुढे मुलींच्या बाबतीत साधारण बाराव्या आणि मुलांच्या बाबतीत चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते. या काळात हाडे पुढे जातात आणि स्नायू मागे राहतात. गुडघे आणि टाचा दुखू लागतात. एकाच वर्गातली दोन मुले तेव्हा एकाच वयाची असूनही एकाच शरीराची नसतात. दोघांना सारखाच व्यायाम देणे दिसायला न्याय्य असले, तरी त्यातल्या एकावर तो अन्यायच ठरतो.

प्रगती मोजण्याचे साधनही सोपे आहे. २० मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये ध्वनीच्या इशाऱ्याबरहुकूम ये-जा करायची आणि दर मिनिटाला वेग थोडाथोडा वाढवत न्यायचा, ही चाचणी कॅनडातील ल्यूक लेजे यांनी १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. याहूनही साधे म्हणजे, दौड संपताच नाडी मोजावी आणि एका मिनिटाने पुन्हा मोजावी. नाडी दर महिन्याला अधिकाधिक लवकर उतरू लागली, तर दम वाढतो आहे. ही तुलना मुलाची त्याच्या स्वतःशीच करावी, शेजाऱ्याशी नव्हे.

दमसासाचा प्रश्न केवळ जय-पराजयाचा नाही. थकलेल्या मुलाची मान खाली जाते, पाठ वाकते, आणि धावत्या गड्याला खांद्याने अडवण्याऐवजी ते डोके पुढे घालते. मानेला आणि मेंदूला गंभीर इजा होण्याचा धोका असतो तो अशाच क्षणी. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, असा आजचा दंडक आहे. मुलाने ‘काही झाले नाही’ म्हटले, तरी तो शिथिल होत नाही.

म्हणून टॅकलचा सराव अंगात ताजेपणा असताना, आरंभीच उरकावा. दमवणारी दौड त्यानंतर. उन्हाच्या दिवसांत सकाळची वेळ धरावी आणि पाणी कधीही अडवू नये. पाण्यावाचून दम वाढतो, ही समजूत घातक आहे. शिक्षा म्हणून पळवणेही सोडून द्यावे, कारण धावणे म्हणजे शिक्षा असे जे मूल एकदा शिकते, ते पुढे आपखुशीने धावत नाही. भाकरी, उसळ, शेंगदाणे, गूळ, केळे असा घरचा आहार, आठवड्यातून निदान एक दिवस संपूर्ण विसावा आणि रात्रीची पुरेशी झोप यांना पर्याय नाही. शरीर कसाला लागते ते श्रमात. पण बळावते ते त्यानंतरच्या विश्रांतीत. सरावाच्या वहीत मुलाने किती फेऱ्या मारल्या, याची नोंद शिक्षक करतोच. ते किती वाजता झोपले, हेही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजे.