आधी गेज, मग पाना



पत्रिकेवर विषय छापला आहे तो 'नवशिक्याने गाडीच्या इंजिनात करायचा पहिला बदल' असा. फोर-स्ट्रोक इंजिन कसं चालतं, कार्बोरेटर आणि इंजेक्शन यांत फरक काय, हे बागेतल्या पंपांनी आणि घरातल्या मोटारसायकलींनी तुम्हाला केव्हाच शिकवलं आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. इंजिनाला हात लावण्याआधी ते मोजा, आणि बदल केल्यावर त्याच रीतीने पुन्हा मोजा. ज्याच्याजवळ आधीचा आकडा नाही, त्याने एक भाग काढून दुसरा बसवला, इतकंच म्हणता येईल. गाडी सुधारली की बिघडली, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरच्या घरी इंजिन उघडणारा तरुण ही मी चांगली गोष्ट मानतो, आणि त्याची मेहनत वाया जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिला हात बहुधा एअर फिल्टरला लागतो. काम सोपं असतं: चार क्लिपा, एक क्लॅम्प. कंपनीचा काळा डबा काढायचा आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. ॲक्सिलरेटर दाबला की खोल, घुमणारा आवाज येतो आणि पिकअप वाढल्याची खात्री पटते. मागच्या रांगांत हसू पिकलं, म्हणजे असे फिल्टर बसवलेले काही जण तिथे आहेत. त्यांनी माझ्याबरोबर एक हिशेब करावा. पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे अकरा किलो हवा, आकारमानाने नऊ हजार लिटर. पस्तीस लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन तीन लाख लिटरच्या वर हवा ओढतं. ही हवा कुठली? मे महिन्यात तलासरी-उधवा रस्त्यावर पुढच्या डंपरमागे उडणारी, लाल मातीने भरलेली. त्या धुळीतला वाळूचा बारीक कण लोखंड घासतो. रिंगा आणि बोअर झिजतात, ऑइल वर चढतं, सायलेन्सर निळा धूर सोडतो. कंपनीचा कागदी फिल्टर नि त्याचा बंद डबा या कणासाठीच आहे. डब्याचं तोंडही इंजिनापासून दूर, थंड हवेकडे काढलेलं असतं. उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा साधारण तीन अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने घटते. तीस अंशांनी तापली तर ऑक्सिजन दहावा हिस्सा कमी. जुलैत साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि खाली बसवलेल्या शंकूने पाणी ओढलं, तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आवाज मात्र खरोखर वाढलेला असतो, कारण तो दाबणारी पोकळी त्या डब्यातच होती. कानाला ताकद वाढल्यासारखी वाटते, आणि आधीचा आकडा नसल्यामुळे कानाचं म्हणणं खोडून काढायला काहीच नसतं.

मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न. त्याला डायनो लागत नाही. कम्प्रेशन गेज कोणत्याही चांगल्या हत्यारांच्या दुकानात मिळतो. जुनी मारुती ८०० घ्या: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १९८३ ते २०१४ या काळात बनलेली आणि आजही नवशिक्याच्या हाती सहज येणारी. इंजिन चालवून गरम करा. तिन्ही प्लग काढा. एकच काढला तर बाकीचे सिलिंडर दाब धरतात आणि स्टार्टर रखडतो. कॉइलची वायर सोडवा. इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. पहिल्या प्लगच्या भोकात गेज आवळा, आत बसलेल्या माणसाला ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरायला सांगा, आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल मारा. आकडा लिहा. तिन्हींचं झालं की एकमेकांशी ताडून पाहा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन निरोगी. समजा दोन सिलिंडर १६५ दाखवतात आणि तिसरा १२०. मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा सेल मारा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा किंवा बोअर गेला. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा हेड गॅसकेट फुटलं आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर संशय गॅसकेटवरच घ्यावा. अर्ध्या तासात इंजिनाने आपली प्रकृती सांगितली. अशा गाडीला उघडा फिल्टर आणि जाड सायलेन्सर लावून काय मिळणार? तिचा पहिला बदल म्हणजे वॉल्व्ह ग्राइंडिंग, टॅपेट, नवे प्लग. कंपनीने दिलेली ताकद परत आणणं हाच बहुतेक जुन्या गाड्यांतला सर्वांत मोठा बदल असतो, आणि तो फिलर गेजने होतो.

दुसरी मोजमापं तर जवळजवळ फुकट आहेत. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून दोन भरण्यांमधलं ॲव्हरेज लिहून ठेवा. प्लगचा रंग पाहा: फिक्कट तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर हवा जास्त. कार्बोरेटरच्या गाडीत जेट न बदलता हवा वाढवणाऱ्याला हा पांढरा रंग वेळीच दिसला तर पिस्टन वाचतो. आणि पीयूसी! त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा आकडा छापलेला असतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर ०.३ टक्के आणि २०० पीपीएम ही मर्यादा. दंड टळावा म्हणून आपण तो कागद घेतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबतो. इतक्या थोड्या पैशांत धुराचं पृथक्करण दुसरीकडे कुठे होत नाही. बदलाच्या आधी एक कागद, नंतर एक, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे.

धुराचा विषय निघाला आहे, तर डहाणूत उभं राहून मला औष्णिक केंद्राबद्दल बोललंच पाहिजे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. तरी २५० मेगावॅटचे दोन संच इथेच उभे राहिले. लोक न्यायालयात गेले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये जाईपर्यंत त्याचं अध्यक्षपद सांभाळत राहिले. चिमणीतल्या धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती बसेना. २००५ मध्ये ३०० कोटींची बँक हमी मागितली गेली, आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा चालू झाली. आठ वर्षं! घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे बागायतदारांचं कसब आहे, तसा हा चिवटपणाही आहे. टाळ्या वाजवताय, त्या रास्तच आहेत. पण चिमणीतून काय बाहेर पडतं याचा हिशेब मागणाऱ्या तालुक्यातला तरुण आपल्या गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून 'फ्री-फ्लो' पाइप वेल्ड करतो, हे मला सहन होत नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा दिलेली ती जाळी विषारी वायू मोडते. साध्या पेट्रोल इंजिनात ती काढून जे मिळतं ते मुख्यतः आवाजातच मिळतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय मात्र खाली बसता येणार नाही. पहिला आक्षेप असा, की मोजमाप हे शहरातल्या, पैसेवाल्या शौकिनांचं काम. इथल्या माणसाला ते परवडत नाही. उलट आहे. तलासरी नाक्यावर उभ्या असलेल्या ईकोवाल्याला विचारा. सीएनजी कीट बसवण्याआधी किलोमीटरला किती रुपये पडत होते आणि आता किती पडतात, हे तो पैशापर्यंत सांगेल. गॅसवर ताकद थोडी घटते हेही त्याला ठाऊक आहे आणि ते त्याने हिशेबात धरलं आहे. शास्त्रशुद्ध प्रयोग म्हणतात तो हाच. शिवाय इंजिनातला हा बदल कायद्याला मान्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेविरुद्ध फेरफार करू देत नाही, पण दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त कीट आरसीवर नोंद करून बसवू देतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक शब्दांत स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

मग कायदा कल्पकतेचा गळा घोटतो, हा दुसरा आक्षेप, आणि त्यासाठी देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं नाव हमखास घेतलं जातं. भंगारातून त्यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, त्याच वेळी ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. लोहारांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते लोखंडाचं काम करणारे मुरलेले कारागीर आहेत. आज आपण बोलतोय पहिल्यांदा बॉनेट उघडणाऱ्याबद्दल. त्याला कल्पकता दाखवायला जागा नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. २००७ पासून चालणाऱ्या 'बाहा' स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बनवलेली गाडी चालवतात, आणि शर्यतीआधी तिथे ब्रेकची परीक्षा असते: चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी उतरवता येत नाही. आपल्या भागातल्या आयटीआयच्या मुलांना असं अंगण मिळायला हवं.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. फियाटचं तेच १.३ मल्टिजेट डिझेल कंपन्यांनी ७५ हॉर्सपॉवरलाही विकलं आणि ९० लाही, मग लॅपटॉप लावून आम्ही ९० केलं तर काय बिघडलं? ९० वाल्याचा टर्बो वेगळा होता, व्हेरिएबल जॉमेट्रीचा. नुसता प्रोग्रॅम बदलणारा माणूस जुन्याच टर्बोकडून, क्लचकडून नवं काम मागतो. आणि वाढलेल्या ताकदीला ब्रेक आणि टायर पुरतील का, हे कुणी मोजलं? महामार्ग ४८ आपल्या दारातून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले; अत्यंत सुरक्षित म्हणून विकली जाणारी ती गाडी होती, आणि ते मागच्या सीटवर बेल्टविना बसले होते. ताकदीची चाचणी या रस्त्यावर कुणीही घेऊ नये, हे मी हात जोडून सांगतो.

वेळ संपली. आयोजकांना एक विनंती करतो: वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक कम्प्रेशन गेज, एक फिलर गेज आणि एक टॉर्क रेंच ठेवा, आणि सही घेऊन आठवड्यासाठी घरी न्यायला द्या. आणि तरुणांनो, उद्या पेट्रोल भराल तेव्हा टाकी फुल्ल करा आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा.