नकार तरी लेखी द्या



वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा संमेलनाच्या अध्यक्षाने घ्यावा, ही आपली रीत. तो लिहायला बसले तेव्हा जाणवलं, की आपले बहुतेक निबंध गावांवर, वस्त्यांवर, घरोघरी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आहेत. सरकारी रुग्णालयाच्या आत बसून केलेलं काम जवळपास नाहीच. गरीब माणूस मोठ्या दुखण्यात जिथे जातो, तिथे आपण नाही. का नाही, एवढंच आज बोलणार आहे. आढावा छापील स्वरूपात तुमच्या हाती आहे.

बाहेरच्या माणसाचं रुग्णालयात काय काम, असं मला अनेकदा विचारलं गेलं. त्याला माझं उत्तर हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा लस शोधण्यासाठी ग्रँट मेडिकल कॉलेजात या संशोधकाला जागा मिळाली. ते मुंबईचे नव्हते, या देशाचे नव्हते, पदवीने डॉक्टरही नव्हते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली.

काल परिसंवादात आपले तरुण मित्र तावातावाने म्हणाले, की रुग्णालयाच्या परवानगीच्या नादी लागूच नये, ओळखीने आत शिरावं. मीही तसं केलं आहे, म्हणून सांगते. १९९४ साली ओळखीच्या डॉक्टरांबरोबर मी एका जिल्हा रुग्णालयाच्या जळीत कक्षात गेले. मच्छरदाणीत एक बाई होती, विशीबाविशीची. सासू उशाशी होती तोवर ती एकच सांगत होती, स्टोव्ह भडकला. सासू चहा आणायला गेली. बाईने माझ्या हातातली वही पाहिली आणि हळूच विचारलं, "जबाब घ्यायला आलाय ना?" मला तिने जबाब नोंदवायला आलेली तहसील कचेरीची माणूस समजलं होतं. मी नाही म्हणेपर्यंत तिने दोन वाक्यं बोलूनही टाकली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मान भिंतीकडे फिरवली. पुढे खऱ्या अधिकाऱ्यापुढे ती काय बोलली, बोलली की नाही, मला कळलं नाही. ती दोन वाक्यं मी कुठेही वापरलेली नाहीत. खाटेशेजारी बसलेलं माणूस कोण आहे, हे रुग्णाला कळलंच पाहिजे. ओळखीची वाट माझ्यापुरती त्या दिवशी बंद झाली.

मग मी रीतसर वाट धरली. प्रसूतीच्या रात्री नातेवाइकांना बाहेरून काय काय आणायला धावावं लागतं, एवढाच अभ्यास होता. एथिक्स कमिटीने मला घाम फोडला. संमतीपत्रातलं एक वाक्य आदिवासी बाईला कळणार नाही, असं समितीतल्या सामान्य नागरिक सदस्याने दाखवून दिलं. ते बरोबर होतं. आम्ही मसुदा बदलला आणि दोन महिन्यांत मान्यता मिळाली. आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा समितीत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ, सामान्य नागरिक आणि संस्थेबाहेरचा अध्यक्ष ठेवायला सांगितलं आहे, ते यासाठीच.

त्यानंतर प्रशासकीय परवानगी. साहेब दौऱ्यावर आहेत. नस्ती वर गेली आहे. अभिप्राय मागवला आहे. चौदा महिने! माझ्याकडे आवक क्रमांक टाकलेली पोच आहे, बाकी काही नाही. अनुदानाची मुदत संपली, दोन्ही सहायक मुली दुसऱ्या नोकरीला लागल्या. नकार कधीच आला नाही. नकार आला असता तर त्यावर दाद मागता आली असती.

आपल्या राज्यात २००५ चा कायदा आहे. दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून आपण त्याला ओळखतो. नस्ती एका टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा, असं त्यात लिहिलेलं आहे. आपण तो कधी पुढे केला? केला नाही. पुढच्या वेळी दारातही उभं करणार नाहीत, ही भीती.

रुग्णालयांची भीतीही मी समजू शकते. खम्मम आणि वडोदऱ्यातल्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहांच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीने संमतीपत्रांवर सह्या केल्या. २०१० साली तो थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. बाहेरून आलेल्यांनी विश्वास गमावला, हे खरं. पण त्यातून धडा कोणता घेतला? मुलींच्या आईबापांना माहीत होतं का, हा तिथला प्रश्न होता. मला कार्यालयात विचारला गेलेला एकमेव प्रश्न होता, "पेपरात छापणार का?" रुग्णाची काळजी समितीने केली होती. कार्यालयाला काळजी होती नावाची.

या व्यासपीठाने अर्जाचा एक सामायिक मराठी नमुना करावा, पडून असलेल्या अर्जांची नोंदवही ठेवावी. तपशील आपण बसून ठरवू. शासनाकडे मात्र माझी एकच मागणी आहे. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण पंचेचाळीस दिवसांत, कारणासह, सहीनिशी म्हणा. आणि तुम्हा सर्वांना विनंती, की पुढच्या संमेलनाला येताना आपापल्या अर्जाची पोच बरोबर आणा. माझी मी आणेन.