आठवड्याचे चार तास



प्राध्यापकांच्या परिषदेत अध्यक्षाने सगळ्याच प्रश्नांचा परामर्श घ्यावा अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एकच प्रश्न धरून बोलणार आहे. आपले पीएच.डी.चे विद्यार्थी आणि आपले पदवीचे विद्यार्थी यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. ती घालून देणे हे संशोधन-मार्गदर्शक म्हणून आपले काम आहे. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे सुमारे 4 कोटी 33 लाख होते. त्यांत पीएच.डी. करणारे होते 2 लाख 12 हजारांच्या घरात, म्हणजे हजारात पाच. हे पाच बहुतेक विद्यापीठाच्या आवारात असतात आणि पदवीचे विद्यार्थी गावोगावच्या महाविद्यालयांत. या फारकतीचे मूळ जुने आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर स्थापन झाले तेव्हा शिकवणे महाविद्यालयांकडे राहिले आणि परीक्षा विद्यापीठाकडे. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग निघाले आणि संशोधक तिथेच स्थिरावला. आज काही महाविद्यालयांत संशोधन केंद्रे आहेत, हे खरे. तरीही तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला प्रत्यक्ष संशोधन करणारे माणूस भेटणे हा योगायोगच असतो.

विद्यापीठ स्थापन झाले त्या काळात मात्र आपल्याकडे या फारकतीला एक उतारा होता. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमदानीत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. फेलोने स्वतःचा पुढचा अभ्यास करायचा आणि त्याबरोबर खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ती रचना होती. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. आगरकरही एम.ए.चा अभ्यास करताना डेक्कन कॉलेजात फेलो होते. शिकणारा आणि त्याच्याहून दोन-चार वर्षे पुढे असलेला, असे दोघे एकाच इमारतीत वावरत. त्या सोयीचा लाभ फार थोड्या घरांतल्या मुलांना झाला, हेही तितकेच खरे. पण ज्यांच्या घरी विद्येची परंपरा होती, त्यांनासुद्धा पुढची वाट दाखवणारे कोणी लागत होते. मग ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्यांना अशा माणसाची गरज कितीतरी अधिक आहे.

ही गरज नेमकी कसली? हुशारी या मुलांकडे असते आणि अभ्यासक्रम प्राध्यापक शिकवतातच. त्यांना कोणी सांगत नाही त्या गोष्टी छापील माहितीपत्रकात सापडत नाहीत. उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करणारा विद्यार्थी सुरुवातीलाच घरची हलाखी लिहितो, मग गुणांची टक्केवारी लिहितो आणि शेवटी संधी देण्याची विनंती करतो. प्रयोगशाळेत त्याने कोणते उपकरण हाताळले, कोणता प्रयोग फसला आणि का फसला, याबद्दल अर्जात एक ओळही नसते. निवड करणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच ओळ. शोधनिबंधाचेही तसेच. मुले पाठ्यपुस्तकासारखी पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात आणि दुसऱ्या पानावर अडतात. आधी सारांश वाचावा, मग आकृत्या पाहाव्यात, निष्कर्ष वाचावा आणि पद्धतीचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा, हे संशोधक विद्यार्थी अर्ध्या तासात शेजारी बसून दाखवू शकतो. आपणही दाखवू शकू, पण आपल्याला या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या शिकवाव्या लागतात हेच आपण विसरलो आहोत. संशोधक विद्यार्थ्याला मात्र स्वतः कुठे अडलो होतो ते अजून आठवते.

आता तर निर्णयाचे वयही अलीकडे आले आहे. चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते आणि त्यानंतर थेट पीएच.डी.चा मार्ग खुला होतो. म्हणजे पूर्वी एम.ए., एम.एस्सी.नंतर पडणारा प्रश्न आता विशीतच पडणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत याला पूरक तरतूद आहे. संशोधक विद्यार्थ्याकडे आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रात्यक्षिके आणि मूल्यमापनाचे काम देता येते. हे तास आवाराबाहेर, संलग्न महाविद्यालयांपर्यंत न्यावेत, एवढेच माझे मागणे आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की प्रबंध आधीच रखडतात, त्यात ही भर कशाला? पण आपला विषय विशीतल्या मुलाला समजेल असा सांगताना स्वतःच्या मांडणीतली फट आधी आपल्यालाच दिसते. हे तास प्रबंधाच्याही उपयोगी पडतात. दुसरा आक्षेप, की स्वतः चाचपडणारा दुसऱ्याला काय वाट दाखवणार? त्याने सर्वज्ञ असावे अशी अपेक्षा नाहीच, आणि चुकीचा सल्ला जाऊ नये यासाठी मार्गदर्शकाने महिन्यातून एकदा त्याच्याकडून वृत्तांत घ्यावा. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. रिक्त पदे न भरता संशोधकांकडून फुकट तास घेतले जातील, ही भीती खरी आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांकडे पाहिले की ती निराधार म्हणवत नाही. म्हणून नियमात स्पष्ट लिहायला हवे, की या तासांत अभ्यासक्रम शिकवला जाणार नाही आणि ते प्राध्यापकांच्या कार्यभारात धरले जाणार नाहीत. ज्यांना अधिछात्रवृत्ती नाही, त्यांना मानधन आणि प्रवासखर्च मिळालाच पाहिजे. या अटी मान्य नसतील, तर योजना सुरूच करू नये.

अटी मान्य करून घेण्याचे काम या परिषदेच्या ठरावाने होऊ शकेल. त्यासाठी थांबण्याचे मात्र कारण नाही. या सभागृहातल्या प्रत्येक मार्गदर्शकाने आज घरी जाण्यापूर्वी आपल्या एका संशोधक विद्यार्थ्याशी बोलावे. तो तयार असेल, तर जवळच्या एका महाविद्यालयाचे नाव आणि आठवड्यातला एक वार ठरवावा आणि तिथल्या प्राचार्यांना उद्याच पत्र पाठवावे.