वल्गुलीची हाक आणि चिमणीचे दार



पत्रिकेत आमच्या नावाखाली 'वल्गुली' हा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की, हा कामगारांत वावरणारा माणूस. याने बोनसवर बोलावे, भविष्यनिर्वाह निधीवर बोलावे, पाखरांच्या वाटेस कशाला जावे? शंका रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. त्या बाकावर आम्हांला एक खोड जडली. कोणतेही पुस्तक हाती आले की, त्यातल्या दुबळ्याचे कसे चालते, ते आधी पाहावयाचे. वल्गुलीचे वजन बारा-पंधरा ग्रॅम. एवढ्याशा जिवाचे रानात कसे चालते, आणि आपल्या गोष्टींत अशा जिवाचे आपण काय केले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम तिची ओळख करून देतो, कारण या सभागृहातील निम्म्या मंडळींनी ती पाहिली असेल, पण नावाने ओळखली नसेल. चिमणीहून थोडी लहान. राखी वल्गुलीचे डोके काळे, गाल पांढरेशुभ्र, पाठ राखी आणि पांढुरक्या पोटावरून गळ्यापासून खालपर्यंत काळा पट्टा. जणू कोणी गळपट्टा बांधून दिला आहे. तिची बहीण पिवळी वल्गुली. तिच्या डोक्यावर काळी शेंडी असते आणि गाल हळद लावल्यासारखे. मालवणच्या माडाबागांत तिची वाट पाहू नये. तिच्यासाठी आंबोलीचा घाट चढावा लागतो. तेथे ती फांदीला उलटी लोंबकळत पानामागच्या अळ्या वेचताना दिसते. घर म्हणाल तर झाडाची ढोली किंवा भिंतीतले भोक. स्वतः लाकूड कोरून मोठी ढोली करण्याचे बळ तिच्या चोचीत नाही. जुन्या झाडाची कुजलेली फांदी, सुताराने सोडून दिलेले बीळ, जे मिळेल त्यात ती मऊ अंथरूण घालून संसार मांडते. म्हणून जुने झाड तुटले की लाकूड किती निघाले याचा हिशोब होतो. घरे किती गेली, हे कोणी मोजत नाही.

विणीचा काळ संपला की ती एकटी हिंडत नाही. आपल्या जातीची चार पाखरे आणि परजातीची दहा, निखार, कोतवाल, सुतार, असा मिश्र थवा करून ती रानातून फिरते. एकाने डोके खाली घालून खावे, तेव्हा दुसऱ्याचा डोळा उघडा असतो. ससाणा आला तर ज्याला आधी दिसेल तो ओरडतो, आणि ती ओरड सगळ्या जातींना कळते. येथे कोणी कोणाचा नातलग नाही. तरी हा कारभार चालतो.

या ओरडण्याचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. अमेरिकेत वल्गुलीच्या कुळातलाच 'चिकडी' नावाचा पक्षी आहे. त्याच्या इशाऱ्याच्या शेवटी 'डी, डी, डी' असे स्वर येतात. २००५ साली ख्रिस्तोफर टेम्पलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, शत्रू जितका घातक, तितके हे 'डी' अधिक. यातली मौज अशी की, थोराड घुबडासाठी 'डी' थोडे आणि लहानग्या घुबडासाठी पुष्कळ. कारण थोराड घुबडाला या चपळ पाखराला पकडणे अवघड. लहान घुबड मात्र वळणावळणाने पाठलाग करते. म्हणजे भय आकारावरून ठरवायचे नसते, हे त्या पाखराला कळते. मोठ्या मालकाचा दबदबा मोठा असतो. पण मजुरी कापतो तो बहुधा मधला मुकादम, हे आमच्या लोकांना अनुभवाने ठाऊक आहे.

जपानातले तोशिताका सुझुकी यांचे काम याहून नवलाचे. तेथली वल्गुली आपल्या राखी वल्गुलीची जवळची नातलग. घरट्याशी कावळा आला तर ती एक स्वर काढते आणि ढोलीतली पिले खाली दबून बसतात, म्हणजे कावळ्याची चोच पोचत नाही. साप आला तर ती निराळाच स्वर काढते, आणि तीच पिले ढोलीतून बाहेर उड्या टाकतात. कारण सापापुढे दबून बसणे म्हणजे मरण. हे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. पुढे २०१६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. या पक्ष्याची एक हाक 'सावध व्हा' अशी आहे आणि दुसरी 'या' अशी. 'सावध व्हा, या' अशा क्रमाने दोन्ही ऐकविल्या तर पाखरे चहूकडे पाहतात आणि जवळही येतात. क्रम उलटा करून ऐकविला तर त्यांचा प्रतिसाद फारच थोडा.

हे वाचताना आम्हांला आमच्या सभा आठवल्या. 'या, या' म्हणून भोंगा लावला की माणसे जमत नाहीत. जमलेच तर का जमलो, हे त्यांना कळत नाही. आधी संकट नीट सांगावे लागते, कोणते, कोठून येणार, कोणावर येणार. मग हाक घालावी. हा क्रम त्या पाखराला कोणत्या संघटनेने शिकविला नाही.

शिकण्याचीही एक हकीगत ऐका. विलायतेत दूधवाला सकाळी दारात बाटल्या ठेवून जात असे. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंग गावी वल्गुल्या बाटलीचे झाकण फोडून वरची साय खाताना आढळल्या. ही विद्या पसरत गेली. १९४९ साली जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी तिच्या प्रसाराची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा ब्रिटनभर ठिकठिकाणी दूधवाले हैराण झालेले होते. अलीकडे ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात लूसी अ‍ॅप्लिन यांनी याची कसोटी घेतली. थव्यातली दोनच पाखरे पकडून, पेटीचे दार सरकवून खाणे कसे काढावे हे त्यांना शिकविले आणि सोडून दिले. सुमारे वीस दिवसांत सरासरी पाऊण थवा ते शिकला. २०१५ सालचे हे संशोधन. दोघांनी नीट शिकावे आणि उरलेल्यांनी जवळून पाहावे, इतकेच त्याला लागले. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. दार डावीकडे सरकविले काय नि उजवीकडे सरकविले काय, खाणे सारखेच मिळे. तरी ज्या थव्यात जी रीत आधी पडली, तीच पुढच्या वर्षीही चालू राहिली. चांगले शिक्षण जसे पसरते, तशी रूढीही पसरते.

आणि आता रूढीवरून गोष्टींकडे वळू. मराठी बालगोष्टींत वल्गुली कोठे नाही. आपण सर्व चिमुकल्या पाखरांना मिळून एकच नाव दिले, चिमणी. तिची गोष्ट पुरातन आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या मेणाच्या घराची कथा आलेली आहे. सातशे वर्षांहून अधिक काळ ती मराठी मुलाच्या कानात आहे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो भिजत चिमणीच्या दारी येतो. ती म्हणते, थांब. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, निजवायचे आहे. दार काही उघडत नाही. काही घरांत शेवटी उघडते, आणि कावळ्याला तव्याचा चटका बसतो.

चिमणीवर आम्ही सरसकट आरोप करीत नाही. सुझुकी यांची पिले कावळ्याच्या नावाने का दबून बसतात, ते आताच सांगितले. कावळा दारी आला तर पाखराच्या आईने दार लावावे, हा निसर्गाचा न्याय आहे. ज्या कोणा आजीने ही गोष्ट प्रथम रचली, तिने अंगणात ते पाहिले असणार. पण गोष्ट ऐकणारे मूल पाखरू नसते. त्याच्या मनात कावळा म्हणजे शेजारी, आणि पाऊस म्हणजे त्याच्यावर आलेली आपत्ती. त्याला आपण काय शिकवितो? ज्याचे घर मेणाचे तो शहाणा, ज्याचे शेणाचे तो निष्काळजी, आणि भिजणे हे त्याच्या कर्माचे फळ.

दुसरी चिमणी पंचतंत्रात आहे. मदोन्मत्त हत्तीने फांदी मोडली, तिची अंडी फुटली. ती रडली, पण रडून दार लावून बसली नाही. तिने सुतार पक्ष्याला सांगितले, सुताराने माशीला, माशीने बेडकाला. माशीच्या गुणगुणण्याने हत्तीने सुखाने डोळे मिटले, सुताराने ते फोडले, बेडूक खड्ड्याच्या काठी डरावला, आणि पाणी जवळ आहे असे समजून हत्ती खड्ड्यात पडला. चार निरनिराळ्या जाती, चार निरनिराळी कामे. वल्गुलीच्या मिश्र थव्याचाच हा अवतार आहे. मात्र या गोष्टीच्या शेवटाशी आमचे जमत नाही. हत्ती मेला म्हणजे रान सुखी झाले, असे आम्ही मानत नाही. हत्तीने खाली पाहून पाऊल टाकावे, एवढीच आमची मागणी असते.

आता ही पाखरे बाजूला ठेवून आपण आपल्याकडे पाहू. आपल्या या मुलखातून मुंबईच्या गिरण्यांत किती माणसे गेली, याला तुमच्यातले प्रत्येक घर साक्षी आहे. ती माणसे कावळ्यासारखीच परक्या दारी उभी राहिली. त्यांना घर दिले कोणी? गावकरी मंडळाच्या खोलीने. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण; दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला पडे. जेवण खाणावळवालीकडे. संपाच्या दिवसांत याच बायकांनी उधारीवर ताटे वाढली, आणि त्यांचीच संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. गिरण्या गेल्या, खोल्याही गेल्या. पण आपल्या वाडवडिलांना कोणी 'थांब' म्हटले नाही म्हणून आपण आज येथे खुर्चीवर बसलो आहोत, हे विसरता येत नाही.

आज देवगड-मालवणच्या आंब्याच्या बागांत राखण करायला नेपाळहून माणसे येतात. मच्छीमारी नौकांवरचे खलाशी दूरदूरच्या प्रांतांतले असतात. मांगरात किंवा प्लास्टिकच्या कापडाखाली त्यांचे बिऱ्हाड. त्यांची नावे आपल्याला नीट उच्चारता येत नाहीत, आणि मजुरी थकली तर दाद कोठे मागावी हे त्यांना ठाऊक नसते. अवेळी पाऊस आला की बागवाला आपला मोहोर गेला म्हणून हळहळतो, आणि ते खरेही आहे. पण त्याच पावसात बागेच्या टोकाला एक बिऱ्हाड भिजत असते. आपल्याच लोकांच्या तोंडी आम्ही ऐकतो, 'तेंका काय, ते परके.' आमचे म्हणणे एवढेच की, ज्या रानात निखार आणि सुतार वल्गुलीच्या हाकेला ओ देतात, त्या रानाच्या पायथ्याशी राहून हे वाक्य शोभत नाही. आणि व्यवहारातही ते चुकीचे आहे. आज परक्याची मजुरी पडली की उद्या तोच भाव आपल्याला दाखविला जातो.

तेव्हा चिऊकाऊची गोष्ट मुलांना सांगू नये काय? जरूर सांगावी. इतकी जुनी गोष्ट टाकून देण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ती सांगताना मूल बहुधा एक प्रश्न विचारते, 'आई, तिने दार का नाही उघडले?' आपण 'झोप आता' म्हणून तो टाळतो. तो टाळू नका. त्याला सांगा, कावळ्यापासून पिलांना जपावे लागते, हे खरे. पण भिजलेल्या माणसाची गोष्ट निराळी असते. मग त्याला चार मित्रांची आणि हत्तीचीही गोष्ट सांगा. सुट्टीत आंबोलीला नेऊन काळ्या शेंडीची ती वल्गुली दाखवा, आणि तिच्या थव्यात किती जातींची पाखरे आहेत ते त्यालाच मोजू द्या.