शाळेचा बँड आणि आपली मुले



शाळेने बँड काढायचे म्हटले की पालकांच्या दोन शंका असतात. एक, अभ्यास बुडेल. दुसरी, बँड म्हणजे वरातीतला बाजा. तो आपल्या मुलाने का वाजवावा? काही घरांत वाद्यांविषयीच वेगळे मत आहे. त्या मताचा मी आदर करतो; अशा घरातल्या मुलावर सक्ती होऊ नये. बाकीच्या पालकांशी मात्र मला थोडे बोलायचे आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत देशभर घरेच्या घरे ओस पडली. मैहर संस्थानात पोरकी झालेली मुले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी गोळा केली, त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि 'मैहर बँड' उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' हे वाद्य बनविले. स्वतः उस्ताद तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते. एवढ्या थोर कलावंताला अनाथ मुलांचा बँड कमीपणाचा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

आता शिकविण्याविषयी. बिगुलाला कळा नसतात. ओठांच्या जोरावर त्यातून मोजकेच सूर निघतात. म्हणून केवळ बिगुलावर राष्ट्रगीताची पूर्ण चाल वाजत नाही; त्यासाठी बासरी, क्लॅरिनेट किंवा तीन कळांचे कॉर्नेट लागते. नेहमीच्या क्लॅरिनेटचा आणि कॉर्नेटचा 'सा' बासरीच्या 'सा'पेक्षा एक स्वर खाली बोलतो. सर्वांना एकच कागद दिला तर बेसूर होणारच. प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहावा लागतो.

परदेशांत मुलांच्या बँडचे संगीत इयत्तांप्रमाणे चढत्या श्रेणीने छापतात. पहिल्या श्रेणीत पाच-सहा स्वर आणि लहान श्वासाच्या ओळी असतात. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात अवघड सिनेगीत हाती देतात. मुलाचा दम तुटतो, ओठ दुखतात आणि तो बँड सोडतो. दोष मुलाचा नसतो, निवडीचा असतो. आधी ढोलावर ताल पक्का करावा, मग एका सप्तकात बसणारी सोपी चाल घ्यावी. फुंकण्याचे तोंड प्रत्येकाचे स्वतंत्र असावे.

बँडचा खरा धडा मात्र सुरांपलीकडचा आहे. झांज वाजविणारा मुलगा कितीतरी मात्रा मनात मोजत गप्प उभा राहतो आणि नेमक्या क्षणी एकच ठोका देतो. तो चुकला तर सर्वांचे बिघडते. दुसऱ्याचे ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि पाळी आली की कचरू नये, हे शिक्षण पाठ्यपुस्तकात कुठे मिळते? राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. पण त्या ५२ सेकंदांसाठी मुले महिनोन्महिने एकमेकांचे ऐकायला शिकतात. अशा मुलाचा अभ्यास बँडमुळे बुडत नाही.

मुलींनाही यातून वगळू नये. बँडसाठी १९०९ साली प्रसिद्ध 'सूट' रचणारे गुस्ताव होल्स्ट हे लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीत-शिक्षक होते.

शिवाय ही कला पोटालाही लागते. पोलीस दलात आणि लष्करात बँडवाल्यांची भरती होते. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्ये बनविण्यावर कित्येक कारागिरांची घरे चालतात.

माझी सूचना साधी आहे. वाद्ये शाळेच्या मालकीची असावीत, म्हणजे गरिबाच्या मुलालाही वाजविता येतील. शाळा सुटल्यावर अर्धा तास सराव व्हावा आणि परीक्षेच्या काळात तो बंद असावा. मलकापूर असो, चिखली असो की मेहकर, २६ जानेवारीला झेंड्यासमोर उभी राहणारी आपली मुले एका तालात दिसावीत, यासाठी पालकांनी मुलाला तेवढा अर्धा तास द्यावा.