आईचं वॉशिंग मशीन



संयोजकांचा निरोप होता, आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी सांगा. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी बटाटेवड्यांकडे सटकतील. दहावीतही सटकायचीच. म्हणून गेल्या पावसाळ्यात केलेलं एक काम सांगते. आईच्या जुन्या वॉशिंग मशीनचा गळका ड्रेन व्हॉल्व्ह मी दुरुस्त केला.

तुमच्यापैकी जे आमच्या वाशीच्या घरी अभ्यासाला यायचे, त्यांना ते मशीन आठवत असेल. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच वर्षीच्या दिवाळीत ते घरी आलं. तोवर आई फोर्टच्या ऑफिसातून बसने खाडीपूल ओलांडून यायची आणि पदर खोचून मोरीत धुण्याला बसायची. मशीन सेमी-ऑटोमॅटिक, दोन टबांचं. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. नळाला जोर नसला तरी बादलीने पाणी ओतून चालतं, म्हणून तर आपल्याकडच्या घरांत ही मशीनं इतकी रुजली.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढलंय. वार विसरते, गॅसवर ठेवलेलं दूध विसरते. पण देवपूजा आणि धुणं, या दोन गोष्टी ती अजून कुणालाही करू देत नाही. माझ्याकडचं फुल-ऑटोमॅटिक मशीन तिला दाखवलं, तर त्या काचेच्या पट्टीसमोर ती हात मागे बांधून उभी राहिली. जुन्या मशीनची तीन बटणं मात्र ती न बघता फिरवते.

मग एक दिवस फोनवर म्हणाली, "मी हल्ली मशीनमध्ये पाणी घालायलाच विसरते गं. अर्धवटच भरते." आवाज पडलेला होता. मी शनिवारी कोपरखैरण्याहून गेले. टब भरला, आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारली आणि मशीन सुरू न करता आम्ही दोघी चहा प्यायला बसलो. अर्ध्या तासाने पाणी रेघेच्या चार बोटं खाली. टबाची लांबी-रुंदी मोजून हिशेब केला, तर दहा-अकरा लिटर पाणी गेलेलं. मागे मोरीत टाकलेल्या पाइपातून बारीक धार चालू होती. आईला रेघ दाखवली. तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी घातलं होतं."

त्या वाक्यानंतर मशीन भंगारात देण्याचा प्रश्नच उरला नाही. कंपनीच्या माणसाने मात्र उभ्या उभ्याच सांगितलं, "मॅडम, याचे पार्ट बंद झाले, नवीन घ्या." कंपनीचं नाव सांगत नाही. बाकीचेही काही वेगळं सांगत असतील असं नाही.

आता मशीनच्या पोटात काय असतं ते ऐका. टबाच्या तळाला प्लास्टिकची एक डबी असते. तिच्यात पाणी बाहेर जाण्याचं भोक, आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेलं घडीघडीचं रबरी बूच. वरचं बटण 'ड्रेन'वर फिरवलं की एक दोरी ते बूच उचलते आणि पाणी जातं. बटण परत फिरवलं की दोरी सैल पडते आणि स्प्रिंग बूच खाली बसवते. बस, एवढंच. आणि बाईंनी फळ्यावर शिकवलंच होतं, पाण्याचा दाब भांड्याच्या रुंदीवर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. टबात एक फूट पाणी असलं, तर तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण तीस ग्रॅमचा भार येतो. बुचाखाली केसाएवढी फट असली तरी तेवढा भार पुरतो.

प्लग काढला. मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून थोडं थांबून मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. डबीचं टोपण फिरवून काढलं, तर आत तीस वर्षांचं घर निघालं. साबणाची खर, दोऱ्यांचा गुंता, ब्लाउजचा एक हूक आणि चार आण्याचं नाणं. बुचाची कड कडक होऊन एका जागी चिरली होती. बसायची जागा व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने घासली. बूच पिशवीत घालून तुर्भ्याला गेले. आपल्या वर्गातल्या एकाचं तिथे वर्कशॉप आहे. तो आज समोरच बसलाय आणि नाव घेऊ नकोस अशा खुणा करतोय. त्याने व्हर्नियर कॅलिपरने माप घेऊन दिलं. (हो बाई, तोच, ज्याने प्रयोगशाळेतलं व्हर्नियर पाडलं होतं.) स्पेअर पार्टच्या तिसऱ्या दुकानात दुसऱ्याच कंपनीचं, पण त्याच मापाचं बूच साठ रुपयांत मिळालं.

बसवलं, टब भरला, रेघ मारली. पाणी कमी झालं! गळती मंदावली होती, पण थांबली नव्हती. बूच नवं, जागा स्वच्छ, स्प्रिंग ताठ. ऑफिसात अशा वेळी आम्ही तासन्‌तास जुने लॉग चाळतो. इथे लॉग कुठले?

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ते बटण पूर्वी शेवटाला सैल पडायचं. तो मेकॅनिक येऊन गेला तेव्हापासून घट्टच आहे." कुठला मेकॅनिक, कधी आला, ते तिला सांगता येईना. पण मी बॅटरी मारून दोरी पाहिली. मधे एक गाठ होती. तुटलेली दोरी कुणीतरी गाठ मारून जोडली होती, आणि त्यात ती बोटभर आखूड झाली होती. बटण बंद असतानाही ती बूच किंचित उचलून धरत होती. मी नायलॉनची नवी दोरी लावली. बटण बंद केल्यावर दोरीत दोन-तीन मिलिमीटर ढील राहील अशी बांधली. पुन्हा भरलं. आईने स्वतः बटण फिरवलं आणि म्हणाली, "हां, असं."

अर्ध्या तासाने पाणी रेघेवर होतं. तासानेही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्याचा हेतू. चांगलंच आहे. पण त्या गाठीची माहिती कुठल्याच पोर्टलवर नव्हती.

टबातली पेन्सिलची रेघ मी पुसणार होते, आईने पुसू दिली नाही. आता ती रोज त्या रेघेपर्यंत पाणी भरते, आणि मधे जाऊन एकदा बघून येते. आमच्या शेजारच्या काकूंनी परवा त्यांचं मशीन बघायला बोलावलंय. त्यांचाही पाइप म्हणे रात्रभर ठिबकतो.

जुनं बूच आणि ती गाठीची दोरी मी या डबीत आणलीये. चहाच्या वेळी टेबलावर ठेवते. चिरलेली कड बोटाने चाचपून बघा, नुसती बघून कळत नाही. बाई, तुम्ही बसा, तुमच्याकडे मीच घेऊन येते.